स्थानमाहात्म्य आणि स्वर

नाद हा ब्रह्मस्वरूप आहे असे आपण मानतो. परंतु तो कोठे उमटला हे विचारल्यावाचून त्याला नमस्कार करीत नाही. देवळाच्या सभामंडपात उमटलेला स्वर आपण निःशंक मनाने ऐकतो. मद्यगृहात उमटलेल्या स्वराला मात्र कान देण्यापूर्वीच मन आखडून घेतो. ही सवय योग्य की अयोग्य, हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही, नीतीचाही आहे; कारण स्वराबरोबर आपण तो काढणाऱ्या माणसाचाही न्याय करीत असतो. या प्रश्नाच्या विचारासाठी एक दूरचे उदाहरण घेऊ. दूरच्या उदाहरणात आपले आग्रह फारसे आड येत नाहीत.

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात सातव्या अव्हेन्यूवर 'व्हिलेज व्हॅन्गार्ड' नावाचे एक रात्रगृह आहे. मॅक्स गॉर्डन या गृहस्थाने १९३५ पासून ते तेथे चालविले. अरुंद जिना उतरून तळघरात जावे, सव्वाशेच्या आसपास माणसे दाटीने बसावीत, पेले हातात असावेत आणि समोर जाझ वाजत असावे, असा तेथील परिपाठ. १९६१ च्या नोव्हेंबरात पहिल्या आठवड्यातील चार रात्री येथे जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाचे वादन ध्वनिमुद्रित झाले, आणि त्यांतील तीन रचनांची 'लाइव्ह अ‍ॅट द व्हिलेज व्हॅन्गार्ड' ही तबकडी १९६२ साली निघाली.

या तबकडीतील पहिल्या रचनेचे नाव 'स्पिरिच्युअल' असे आहे. गुलामगिरीत पिचलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांनी जी आर्त भक्तिगीते रचली, त्यांच्या वळणाची ती आहे. कोल्ट्रेनचे दोन्ही आजोबा ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, हे ऐकताना आठवते. शेवटची रचना, 'चेसिन द ट्रेन', सोळा मिनिटांची. तीत पियानो मौन धरतो. मागे केवळ खर्जाचे तंतुवाद्य आणि तालवाद्य. 'ब्लूज' या प्रकाराचे ठराविक आवर्तन पुनःपुन्हा फिरत राहते आणि त्यावर सॅक्सोफोन कधी विनवतो, कधी किंचाळतो, कधी एकाच स्वरसमूहाला इतक्या बाजूंनी स्पर्श करतो, की ठेक्यावर दीर्घ बढत करणाऱ्या गवयाची आपल्याला आठवण व्हावी. त्याच रात्रींत त्याने 'इंडिया' नावाची एक रचनाही वाजविली. अखंड आधारस्वरावर उभी असलेली ही रचना १९६३ साली दुसऱ्या तबकडीत प्रसिद्ध झाली. पुढे १९६५ साली जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव त्याने पंडित रविशंकरांवरून 'रवी' असे ठेवले.

हे वादन सर्वांना रुचले असे मात्र नाही. त्याच नोव्हेंबर महिन्यात 'डाउनबीट' या नियतकालिकात जॉन टायनन या समीक्षकाने कोल्ट्रेन व त्याचा साथीदार एरिक डॉल्फी यांचे वादन हॉलीवूड येथे ऐकून त्याला 'जाझविरोधी' असे विशेषण दिले. पुढील एप्रिलात त्याच नियतकालिकाने या दोघांना उत्तर देण्यास पाचारण केले. त्यांच्या उत्तरात त्रागा नव्हता. कोल्ट्रेनच्या म्हणण्याचा भावार्थ असा, की विश्वात ज्या अद्भुत गोष्टींची जाणीव संगीतकाराला होते, त्यांचे चित्र श्रोत्यांपुढे ठेवावे, हीच त्याची मुख्य इच्छा असते. हा विचार मठात बसलेल्या संन्याशाचा नसून रात्री उशिरापर्यंत मद्याच्या वासात वाजविणाऱ्या एका व्यावसायिक वादकाचा आहे, हे ध्यानात घ्यावे.

यावरून कोणी चटकन असा निष्कर्ष काढील, की स्थानाला काहीच अर्थ नाही. भाव शुद्ध असला म्हणजे तळघरही देऊळच. हा निष्कर्ष सुखद आहे, परंतु तो खरा नव्हे. ज्या रात्रगृहांनी जाझला आसरा दिला, त्यांच्याच वातावरणात कित्येक वादक मादक द्रव्यांच्या आहारी जाऊन नष्ट झाले. कोल्ट्रेन स्वतः हेरॉइनच्या पाशात सापडला होता, आणि १९५७ साली माइल्स डेव्हिसच्या वाद्यवृंदातून त्याला त्यापायीच निघावे लागले. त्याच वर्षी ईश्वरकृपेने आपल्याला आध्यात्मिक जागृती आली, असे त्याने पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. ती जागृती रात्रगृहाने दिली नाही; रात्रगृहात राहून त्याने ती टिकविली. म्हणजे स्थान माणसाला खाली ओढू शकते, हे सत्यच आहे. आपल्या पूर्वजांनी देवळे बांधली, सोवळे-ओवळे पाळले, वेळा नेमल्या, त्यामागे मनुष्यस्वभावाची ही पारख होती.

तथापि या न्यायाची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे, आणि ती आपल्या अंगणातली आहे. गोमंतकातील देवळांत पिढ्यान् पिढ्या कलावंत स्त्रियांनी देवापुढे गायनसेवा केली. मंगेशीच्या देवळात सेवा करणाऱ्या येसूबाईंच्या पोटी १९०० साली दीनानाथ मंगेशकर जन्मले. केरी गावात १८९२ साली केसरबाई केरकर जन्मल्या. या परंपरेचा स्वर आपण पवित्र मानला. पण तो स्वर ज्यांच्या कंठातून येई, त्या स्त्रियांना समाजाने विवाहाची प्रतिष्ठा दिली नाही, पंक्तीत मानाचे पान दिले नाही. स्थान पवित्र होते, प्रसंग पवित्र होता, देव तर पवित्र होताच. अपवित्र ठरली ती गाणारी. मग स्थानाच्या पावित्र्याने नेमके काय केले? तळघरातील मद्यगृहाने वादकाचे शरीर धोक्यात घातले, आणि आपल्या सभामंडपाने गायिकेचा मान हिरावून घेतला. दोहोंतील पाप कोणते मोठे, हे ठरविण्याची घाई करू नये. परंतु पहिल्याचा धिक्कार करणाऱ्याने दुसऱ्याविषयी मौन पाळणे हा न्याय नव्हे.

कोल्ट्रेनची कथा येथे आणखी एक वळण घेते. १९६६ च्या मे महिन्यात त्याच तळघरात त्याचे पुन्हा ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा पियानोवर त्याची पत्नी अ‍ॅलिस होती. १९६७ साली कोल्ट्रेन वारला. अ‍ॅलिस पुढे वेदान्ताकडे वळली, तुरीयसंगीतानंदा या नावाने संन्यासिनी झाली आणि १९८३ साली तिने कॅलिफोर्नियात आश्रम स्थापन केला. तेथे तिने संस्कृत भजने गावविली, आणि त्यांची चाल कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गायनाची होती. बोटे तीच, साधना तीच. केवळ स्थान पालटले. आश्रमातील तिचे भजन पवित्र आणि तळघरातील तिचे वादन अपवित्र, अशी रेघ कोणत्या वर्षावर ओढावयाची?

माझ्या मते स्थानाचा प्रश्न विचारावा, पण त्याचा रोख पालटावा. 'हा स्वर कोठून आला?' असे विचारण्याऐवजी 'या स्थानाने गाणाऱ्याला कसे वागविले?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचा भार कलावंतावर पडतो, दुसऱ्याचा आपल्यावर. देऊळ असो, नाट्यगृह असो वा पेल्यांच्या किणकिणाटातले तळघर असो, त्याचे पावित्र्य तेथे बसलेल्या माणसांच्या वर्तनाने रोज नव्याने सिद्ध व्हावे लागते. ते एकदा प्रतिष्ठापना करून कायमचे मिळत नाही.

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे, कीर्तनाच्याही आधी. याचा अर्थ असाही घेता येईल, की गाणाऱ्याच्या शुद्धीची चौकशी करण्यापूर्वी ऐकणाऱ्याने आपली शुद्धी सिद्ध करावी. कोल्ट्रेनचे ते सोळा मिनिटांचे वादन ऐकून कोणाला ते आवडणार नाही. टायननला असे वादन आवडले नव्हतेच, आणि नावडण्याचा हक्क श्रोत्याला आहे. परंतु नावडणे आणि न ऐकताच त्याज्य ठरविणे यांत नीतीचे अंतर आहे. १९७७ साली अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांतील ध्वनिमुद्रिकेत केसरबाईंची भैरवी आहे. ती जेथे चालली आहे, तेथे देऊळही नाही आणि मद्यगृहही नाही. तेथे उरतो तो केवळ स्वर. तो ऐकण्याची पात्रता येथे, या भूमीवर, आपल्याला मिळवावयाची आहे.