रजेच्या काळातील पत्ता

मनुष्य खोटे न बोलताही अपराध्यासारखा वागू शकतो, याचा अनुभव मला गेल्या माघात पुरीच्या समुद्रकिनाऱ्यावर आला. सकाळचे अकरा वाजले होते. भाड्याने घेतलेल्या एका खुर्चीवर मी बसलो होतो आणि समोरच्या दुसऱ्या खुर्चीवर, उशीच्या आधाराने, माझा उजवा पाय विसावला होता. पत्नी मुलीला घेऊन पाण्याच्या कडेला गेली होती. एवढ्यात कोलकात्याहून कचेरीतील सहकाऱ्यांचा फोन आला. एका जुन्या प्रकरणाची फाईल कोणत्या कपाटात आहे, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी सांगू लागलो आणि नेमकी त्याच क्षणी एक मोठी लाट फुटली. माझा हात आपोआप फोनवर आडवा गेला. पण उशीर झाला होता. "समुद्रावर आहात वाटते?" त्यांनी विचारले. मी "हो" म्हणालो. क्षणभर थांबून ते म्हणाले, "बरे आहे, बरे आहे."

त्या शब्दांत टोमणा होता असे मी म्हणणार नाही. मला छळत राहिला तो माझाच हात. तो आडवा का गेला? लपविण्यासारखे तर काहीच नव्हते. बसमधून उतरताना माझा पाय मुरगळून पावलाच्या बाहेरच्या कडेचे हाड मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर होते. ते निघाल्यावर पोटरी इतकी वाळलेली दिसली की, हा पाय आपलाच का, असा प्रश्न पडावा. डॉक्टरांनी आणखी चौदा दिवसांची विश्रांती लिहून दिली. पुरीचे आरक्षण दुखापतीच्या आधीचे होते. ते रद्द करू का, असे विचारले तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, "पाय वर ठेवून बसायचेच आहे ना? मग घरच्या भिंतीसमोर बसण्याऐवजी समुद्रासमोर बसा. वाळूत चालू मात्र नका." रजेच्या अर्जात 'रजेच्या काळातील पत्ता' असा एक रकाना असतो. रजा वाढवून घेताना मी त्यात पुरीचा पत्ता स्वच्छ अक्षरात लिहिला होता आणि मुख्यालय सोडण्याची परवानगीही घेतली होती. कागदोपत्री मी निर्दोष होतो.

तरीही हात आडवा गेला. याचे कारण मला असे दिसते की, आजाऱ्याने आजारी दिसले पाहिजे अशी आपली सर्वांचीच अपेक्षा असते. सुतकात गोड खाऊ नये, तसे दुखण्यात हसू नये! परंतु सुतक हे दुसऱ्याविषयीच्या दुःखाचे चिन्ह आहे; मोडलेल्या हाडाचे सुतक कुणासाठी पाळायचे? पायाच्या दुखण्याला चेहऱ्याच्या दुर्मुखतेची जोड दिल्याने हाड लवकर सांधते असे कोणतेही शास्त्र सांगत नाही.

यावर एक रोकडा आक्षेप आहे. समुद्रापुढे बसता येते, तर कचेरीत टेबलापुढे का बसता येऊ नये? उत्तर माझ्याजवळ आहे. घर आणि टेबल यांच्या मध्ये एक गच्च भरलेली बस आहे आणि तीन जिने आहेत. पाय खाली सोडून तासभर बसले की तो सुजतो. पण हे उत्तर देताना मला जाणवले की, त्याला साक्षीदार एकच आहे आणि तो मी आहे. क्षकिरणांच्या चित्रात हाड दिसते, दुखणे दिसत नाही. डॉक्टर 'दुखते का?' असे विचारतात आणि आपण जे सांगतो त्यावर सही करतात. वैद्यकीय दाखल्याची ही सारी इमारत शेवटी एका माणसाच्या शब्दावर उभी असते. म्हणूनच आनंदी आजारी माणसाविषयी संशय येतो; त्याचा आनंद हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

आणि मी आनंदात होतो, हे कबूल केले पाहिजे. पाय मोडला म्हणूनच मला समुद्र कळला, असले काही मी सांगणार नाही. धड पायांनीही तो कळला असता, कदाचित अधिकच. पण एका जागी बसल्याने काही गोष्टी सावकाश दिसल्या. कोळ्यांच्या होड्या परत येताना लाटेच्या पाठीवर कशा थांबतात आणि नेमकी कोणती लाट निवडून किनाऱ्याला लागतात, हे पाहण्यात माझी एक सकाळ गेली. तिसऱ्या दिवशी मुलीने बादलीत समुद्र भरून आणला आणि माझा डावा, धडधाकट पाय त्यात बुडविला.

पुरीला गेल्यावर जगन्नाथाची आठवण न होणे अशक्य. त्या मूर्तीला पावले नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या रजेचा हिशेब एखाद्या कारकुनालाच विशेष गोड वाटेल. ज्येष्ठ पौर्णिमेला 108 घटांनी स्नान झाल्यावर देवाला ताप येतो, अशी श्रद्धा आहे. मग सुमारे पंधरा दिवस दर्शन बंद. देवाला औषधपाणी चालते. बरा होताच तो रथात बसून सुमारे तीन किलोमीटरवरच्या गुंडिचा मंदिरात राहावयास जातो. आधी आजार, पाठोपाठ सहल. आणि लाखो लोक त्याच्या या सहलीचा दोर आनंदाने ओढतात! परंतु देवही ठरल्या तिथीला परत येतो, आणि परत आल्यावर घरी राहिलेली लक्ष्मी दार लावून घेते. रसगुल्ले देऊन तिची समजूत काढावी लागते. ज्याच्या वाचून मागे कुणीतरी राहिले, त्याला त्याचा जाब द्यावा लागतो. मग तो जगाचा नाथ का असेना.

मला जाब विचारणारा आणखी एकजण किनाऱ्यावरच भेटला. हात धरून लोकांना लाटांत नेणारे तेलुगू बोलणारे कोळी तिथे असतात; त्यांना नुलिया म्हणतात. माझी काठी पाहून एक वयस्क नुलिया जवळ आला. त्याच्या टाचेला खोल चीर होती आणि तीवर चिंधी बांधलेली होती. "खारे पाणी झोंबत नाही का?" मी विचारले. तो म्हणाला, "झोंबते. पण घरी बसलो तर पोटात झोंबेल."

माझ्या 56 दिवसांच्या पूर्ण वेतनासाठी खात्यातून 112 दिवसांची अर्धवेतनी रजा वजा झाली. वर्षाला वीस दिवस या हिशेबाने ती पाच वर्षांहून अधिक काळाची पुंजी होय. तेव्हा ती मला भीक म्हणून मिळालेली नव्हती. पण नुलियाजवळ असे खातेच नव्हते. आणि माझ्या खात्यातही एक नोंद राहून गेली होती: त्या 56 दिवसांत माझ्या टेबलावरचे काम ज्यांनी केले, त्यांची. मला अपराधी वाटल्याने ना नुलियाची चीर भरून येणार होती, ना सहकाऱ्यांचे ओझे हलके होणार होते. फक्त माझा समुद्र खारट झाला असता. आनंद चोरलेला नसेल तर तो लपवू नये. त्याच्याबद्दल जे देणे लागते ते मात्र द्यावे. आणि ते देणे दुःखी होऊन फिटत नाही, खरे बोलून आणि वेळेवर परतून फिटते.

याची परीक्षा परतल्यावर झाली. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला आणि आपुलकीने विचारले, "आणखी आठ दिवस लिहून देऊ का?" पाय थोडा दुखत होता, 'हो' म्हणणे सर्वस्वी खोटे ठरले नसते. परंतु आदल्या दिवशी मी काठी टेकीत तिन्ही जिन्यांएवढ्या पायऱ्या चढून पाहिल्या होत्या. दुखणे कुठे संपते आणि इच्छा कुठे सुरू होते, ती रेषा कोणत्याही नियमावलीत आखलेली नाही; ती फक्त मला दिसत होती. मी कामावर रुजू होण्याचा दाखला मागितला.

सोमवारी पुरीचा खाजा घेऊन कचेरीत गेलो. माझ्या टेबलावरचा ढीग अपेक्षेपेक्षा फार लहान होता. मी फोनवर हात आडवा धरल्याचे सहकाऱ्यांना सांगून टाकले. ते मनापासून हसले. मग खाजाचा तुकडा मोडीत म्हणाले, "त्या दिवशी लाट ऐकून मला हेवा वाटला, हे खरे. मी फोन आणखी थोडा वेळ चालू ठेवणार होतो. तुम्हीच हात आडवा घातलात."