दुखण्याचा दोष कोणाचा?

धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीची पूजा करतो आणि घरातल्या साऱ्यांसाठी आरोग्य मागतो. मागणे म्हटले की नकाराची शक्यता त्यात गृहीतच असते. पण आरोग्य मागायचे नसून ते आपल्यासाठी आधीच विकत घेऊन ठेवलेले आहे, विश्वासाने फक्त ताब्यात घ्यायचे, असे कोणी सांगितले तर? ख्रिस्ती धर्मातील पेंटेकॉस्टल पंथाची ही शिकवण शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे, आणि तिच्यावरचा वादही.

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात, ५३ व्या अध्यायात, एका दुःखी सेवकाचे वर्णन आहे. त्याला बसलेल्या फटक्यांनी इतरांना आरोग्य लाभते. हा सेवक म्हणजे ख्रिस्त, आणि वधस्तंभावर त्याने माणसाचे पाप वाहिले, ही ख्रिस्ती परंपरा. पापाबरोबर त्याने रोगही वाहिले, असे पेंटेकॉस्टल उपदेशक पुढे जाऊन म्हणाले. १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर यांच्या सभांनी या चळवळीला मोठे बळ दिले. (आदल्याच वर्षी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये अशाच जागृतीची लाट उसळली होती.) 'असेंब्लीज ऑफ गॉड' या संस्थेने १९१६ साली रोगमुक्तीचे हे तत्त्व आपल्या मूलतत्त्वांत नोंदवले.

या शिकवणीला हसू नये. ज्याच्या दारी डॉक्टर येत नाही, त्याला तुझे शरीरही देवाला आत्म्याइतकेच मोलाचे आहे, असे सांगणे म्हणजे केवढा दिलासा!

पण प्रश्न पुढेच आहे. जो बरा होत नाही, त्याचे काय? किंमत चुकती झाली, देणारा सच्चा. मग खोट उरते ती घेणाऱ्याच्या विश्वासात. तर्क बिनचूक, पण केवढा निर्दय! आजारी माणसावर आजाराचा भार असतोच, त्यावर अपराधाचा चढतो. अमेरिकेतील इंडियाना राज्यात होबार्ट फ्रीमन यांच्या अनुयायांनी औषध वर्ज्य मानले. त्यांत मुलेही दगावली, आणि १९८४ साली खुद्द फ्रीमनही आजारानेच गेले.

विरोधक बायबलकडेच बोट दाखवतात. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला; त्याच्या विश्वासावर ठपका ठेवला नाही. शिवाय वधस्तंभाने मृत्यूही जिंकला, असे सारेच ख्रिस्ती मानतात. तरी श्रद्धावंत मरतातच. म्हणजे विजय झाला असला तरी त्याची पूर्ण फळे पुढे, पुनरुत्थानाच्या दिवशी मिळायची आहेत. मग रोगाचाच हिशेब आजच्या आज का मागावा? 'असेंब्लीज ऑफ गॉड'देखील प्रार्थनेबरोबर डॉक्टरांना नाकारत नाही.

हा वाद परक्यांचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. 'मागच्या जन्मीचे भोग' हे शब्द आपल्याही घरांत रुग्णाच्या उशाशी बोलले जातात. जन्मांध माणसाला पाहून येशूच्या शिष्यांनीही विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने दोन्ही नाकारले, आणि त्या माणसाच्या डोळ्यांना हात लावला.

दुःखाचे कारण शोधणे हा बुद्धीचा धर्म खरा. पण दुखणेकऱ्याला आधी आरोपी करणारे उत्तर, मग ते कितीही श्रद्धेचे असो, कोणत्याच देवाला शोभत नाही.