परागंदांचे गद्य

ट्यूडर घराण्याने १४८५ ते १६०३ या काळात इंग्लंडवर राज्य केले, आणि या कालखंडाचा वाङ्मयेतिहास लिहिताना अभ्यासकांची नजर सहसा राजदरबाराकडे व लंडनच्या रंगभूमीकडे वळते. मात्र सोळाव्या शतकात कारागिरांपासून जमीनदारांपर्यंत जे इंग्रजी गद्य घरोघर मोठ्याने वाचले गेले आणि ज्याच्यापायी माणसे जिवंत जाळली गेली, त्याचा फार मोठा भाग परागंदा झालेल्या लेखकांनी परमुलखात लिहिला, ही गोष्ट त्या इतिहासात जितकी ठळकपणे यायला हवी तितकी येत नाही.

पोपचे वर्चस्व नाकारून बायबल हाच धर्माचा अंतिम आधार मानणारी धर्मसुधारणेची चळवळ १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन लूथरपासून सुरू झाली. बायबल हाच आधार ठरला, तर ते सामान्य माणसाला त्याच्या भाषेत मिळणे ओघानेच आले. इंग्लंडमध्ये मात्र बिशपांच्या, म्हणजे विभागीय धर्मप्रमुखांच्या, परवानगीवाचून त्याचे भाषांतर करण्यास पंधराव्या शतकाच्या आरंभापासून बंदी होती. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या विल्यम टिंडेलने या कामासाठी लंडनच्या बिशपाकडे आश्रय मागितला, तो मिळाला नाही, आणि १५२४ मध्ये त्याने देश सोडला तो कायमचा. कोलोन येथे सुरू केलेली छपाई विरोधकांना सुगावा लागल्याने अर्धवट टाकून त्याला पळावे लागले. अखेर १५२६ मध्ये ऱ्हाइनकाठच्या वर्म्स शहरात, मूळ ग्रीकवरून केलेला त्याचा ‘नवा करार’ पूर्ण छापून झाला. पुस्तक हातात मावेल एवढे लहान होते, मुखपृष्ठावर भाषांतरकाराचे नाव नव्हते, आणि कापडाच्या गठ्ठ्यांत दडवून त्याच्या प्रती इंग्लंडमध्ये आणल्या जात. बिशपाने हाती लागलेल्या प्रती सेंट पॉल कॅथीड्रलपाशी जाळल्या. आज त्या आवृत्तीच्या तीनच प्रती ज्ञात आहेत.

परदेशी राहण्याचा लाभ केवळ जीव वाचण्यापुरता नव्हता. ज्यूंना १२९० मध्येच हद्दपार केलेल्या इंग्लंडात हिब्रू शिकण्याची सोय जवळजवळ नव्हती, ती युरोप खंडावर होती, आणि म्हणूनच १५३० मध्ये टिंडेल ‘जुन्या करारा’ची पहिली पाच पुस्तके थेट हिब्रूवरून इंग्रजीत आणू शकला. शिवाय ज्याला आश्रयदाता नाही आणि ज्याचा वाचक समुद्रापलीकडे आहे, अशा लेखकाला पांडित्य दाखवण्याचे कारण उरत नाही. लॅटिनचे जड वळण टाकून बोलीच्या लयीवर चालणारी टिंडेलची आखूड वाक्ये या परिस्थितीतून आली, असे मानण्यास जागा आहे.

त्याचा मोठा प्रतिपक्षी थॉमस मोर याने पोपऐवजी राजाला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख मानण्यास नकार दिला, म्हणून १५३५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. पुढच्याच वर्षी ब्रसेल्सजवळ टिंडेलला गळा आवळून मारून त्याचा देह जाळण्यात आला. आणि १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या अधिकृत आज्ञेने जे इंग्रजी बायबल चर्चमध्ये ठेवण्यासाठी छापले गेले, त्यात टिंडेलचीच शब्दरचना मोठ्या प्रमाणावर होती. चारच वर्षांनी, १५४३ मध्ये, शेतकरी, मजूर, शिकाऊ कारागीर आणि सामान्य स्त्रिया यांना हेच बायबल वाचण्यास कायद्याने मनाई झाली.

देशात राहून घडलेल्या गद्याचा मोठा अपवाद म्हणजे आर्चबिशप क्रॅनमरच्या देखरेखीखाली १५४९ मध्ये तयार झालेला प्रार्थनाग्रंथ. तो सक्तीचा झाला, तेव्हा कॉर्नवॉल आणि डेव्हन प्रांतांत बंड उसळले, कारण जुनी उपासना मोडलेली लोकांना नको होती. आणि कॉर्निश भाषकांनी तर आपल्यापैकी काहींना इंग्रजी समजतच नाही, अशी तक्रार नोंदवली. सत्ता लोकभाषेचा पुरस्कार करते तेव्हा ती कोणत्या लोकांची भाषा निवडते, हा प्रश्न इथे विसरता येत नाही.

मेरी राणीच्या कॅथलिक राजवटीत (१५५३–५८) क्रॅनमरसह सुमारे २८० प्रॉटेस्टंट जाळले गेले आणि शेकडो देशोधडीला लागले. त्यांपैकी जॉन फॉक्सने बाझेल येथील छापखान्यात काम करता करता हुतात्म्यांची चरित्रे जमवली आणि परतल्यावर, १५६३ मध्ये, त्यांचा प्रचंड इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे खरे मोल जबान्यांमध्ये आहे. रॉलिन्स व्हाइट हा कार्डिफचा निरक्षर कोळी. त्याने आपल्या लहान मुलाला वाचायला शिकण्यासाठी शाळेत घातले आणि रोज रात्री जेवणानंतर तो त्याच्याकडून बायबल वाचून घेई, हा तपशील फॉक्सने नोंदवला नसता तर अशा माणसाला इंग्रजी गद्यात स्थान मिळाले नसते. याच परागंदांनी १५६० मध्ये जिनिव्हात काढलेले बायबल सुटसुटीत आकाराचे, श्लोकांना क्रमांक दिलेले आणि समासात टिपा असलेले होते. शेक्सपिअरच्या नाटकांत त्याचे अनेक पडसाद सापडतात.

प्रॉटेस्टंट एलिझाबेथ राणीच्या काळी फासे पालटले. आता कॅथलिक बाहेर पडले, आणि १५८२ मध्ये फ्रान्समधील र्‍हेम्स येथून त्यांनी आपला ‘नवा करार’ इंग्रजीत आणला. प्रॉटेस्टंट पंडित विल्यम फुल्कने १५८९ मध्ये त्याच्या खंडनासाठी तो प्रॉटेस्टंट भाषांतराशेजारी समग्र छापला, त्यामुळे तो अधिकच पसरला, आणि १६११ च्या राजमान्य भाषांतरात त्यातलेही शब्द आले.

याच काळात विल्टशरमध्ये जन्मलेला कॅथलिक तरुण थॉमस स्टीफन्स इंग्लंड सोडून रोमला गेला, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात पोचला. तिथून त्याने वडिलांना लिहिलेले प्रवासाचे पत्र हॅकलूटच्या प्रसिद्ध प्रवाससंग्रहात छापले गेले. मायदेशात इंग्रजीतून धर्मकार्य करण्याची वाट बंद झालेल्या या माणसाने बायबलची कथा मराठी ओव्यांत रचली. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे प्रसिद्ध झाले. परागंदांच्या वाङ्मयाची टिंडेलपासून सुरू होणारी यादी म्हणूनच केवळ इंग्रजी ग्रंथांपाशी थांबवता येत नाही, आणि स्टीफन्सचा अभ्यास करणाऱ्या मराठी वाचकानेही गोव्याच्या इतिहासाबरोबर एलिझाबेथच्या इंग्लंडचा इतिहास जवळ ठेवायला हवा.