चाकांवरचं बिऱ्हाड

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीतच झोपायची सोय, छोटासा ओटा. ती समुद्राकाठी उभी करायची आणि तिथेच मुक्काम ठोकायचा. कल्पना मला मनापासून आवडते. पण या प्रकारात मुलांच्या वाट्याला नेमकं काय येतं, ते आम्हा पनवेलच्या मुलांना अशी गाडी डोळ्यांनी पाहायच्या कितीतरी आधी कळलं होतं.

मे महिन्यात काका, आत्या, सगळी भावंडं मिळून एक मॅटाडोर ठरायची. टपावर वळकट्या; आत स्टोव्ह, रॉकेलचा डबा, पीठ, तांदूळ, मसाल्याचा डबा, दोराला बांधलेली कळशी. पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता धरायचा. कर्नाळ्याचा सुळका मागे पडला की पेणच्या बाजूची मिठागरं, वडखळला उजवीकडे वळण, मग पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग, नागाव. ओळखीच्यांच्या वाडीत, सुपारीच्या सावलीत पडवी मिळायची. तासाभरात तिथे आमचं घर उभं राहायचं.

घर नव्याने मांडलं जाताना पाहणं हा मुलांसाठी मोठा अनुभव असतो. पनवेलला पाणी नळाला यायचं, जेवण पानात यायचं. नागावला काका रहाटाने पाणी ओढायचे, बाबा नारळ खवायचे, आई मात्र निवांत पायरीवर बसलेली दिसायची. घर म्हणजे कुणाकुणाचे कष्ट असतात आणि ते वाटूनही घेता येतात, हे मला तिथे दिसलं. आयतं ताट पुढ्यात येणाऱ्या सुट्टीत हे दिसायला जागाच नसते.

दुसरी गोष्ट वेळेची. आत्या कालनिर्णय सोबत घ्यायची. तिचा हिशेब साधा होता: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, नऊच्या आसपास, ओहोटी. हा ठोकताळा आहे, थोडं मागेपुढे होतं; पण शाळेत घोकलेली पाउणकी अशी समुद्राशी जुळलेली पाहून मी हरखून गेले होते. नऊला निघालं की घोट्याएवढ्या पाण्यातून कुलाबा किल्ल्यात चालत जाता यायचं. शिवाजी महाराजांनी १६८० च्या सुमारास बांधायला घेतलेला हा जलदुर्ग. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचा साठा. तिथे रेंगाळणं मात्र परवडायचं नाही. पाणी चढायला लागलं की बाबासुद्धा मुकाट्याने निघायचे, नाहीतर पुढच्या ओहोटीपर्यंत बसून राहायचे. मोठ्या माणसांनाही कुणाचं तरी ऐकावं लागतं, हे लहानपणी पाहिलेलं बरं असतं.

आज पनवेलहून अलिबागला सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. मुंबईहून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट गाड्या घेऊन येते, २०२४ पासून अटल सेतू आहे. प्रवास सोपा झाला, चांगलंच झालं. पण वाचलेला वेळ आपण मुक्कामात घातला नाही, मुक्कामच छाटला. शनिवारी वडखळच्या रांगेत अडकलेल्या मुलांना समुद्र मिळतो तो एखाद्या तासाचा. भरतीचा की ओहोटीचा, हेही त्यांना कळत नाही.

म्हणून त्या धोरणाकडून माझी अपेक्षा महागड्या गाड्यांची नाही. टेम्पो किंवा जीप भरून आलेल्या साध्या कुटुंबालाही किनाऱ्याजवळ सावलीची जागा, पाण्याचा नळ, स्वच्छ शौचालय आणि चूल मांडायची मुभा थोडक्या पैशांत मिळावी. कोकणातल्या ग्रामपंचायतींनी हे मनावर घ्यावं. आणि तुम्ही मुलांना घेऊन जाणार असाल, तर आधी तिथी पाहा आणि निदान चार दिवस राहा.