ग्राम म्हणजे घरे नव्हेत

संतसज्जनहो, 'गाव' हा आपल्या नित्य बोलण्यातला शब्द. तो संस्कृत 'ग्राम' शब्दापासून आला. ग्राम म्हणजे समुदाय. इंद्रियांचा समुदाय तो इंद्रियग्राम, गुणांचा तो गुणग्राम. तेव्हा भिंती नि छपरे म्हणजे ग्राम नव्हे. एकत्र नांदणारी माणसे म्हणजे ग्राम.

कोणी म्हणेल, बुवा, हा नुसता शब्दार्थ झाला. तर आमच्या खानदेशातले भडगावच पाहा ना! गिरणामाईच्या काठी वसलेले गाव. १८७२ च्या सप्टेंबरात गिरणेला महापूर आला आणि भडगावची शेकडो घरे वाहून गेली. घरे गेली म्हणजे गाव गेले म्हणावे, तर आज ते तालुक्याचे ठिकाण आहे. कापूस-केळीचा व्यवहार चालतो. आखाजीला लेकी माहेरी येऊन झोके घेतात, पोळ्याला बैल मिरवतात, श्रावणात कानबाई बसते आणि तिचे रोट भाऊबंद एकत्र बसून खातात. पुराने घरे नेली. ग्राम काही त्याला नेता आला नाही.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांमागे गिरणाकाठच्याच एका खेड्यात काल्याच्या कीर्तनास गेलो. पाहतो तो मंडप दोन, विणे दोन, पंगती दोन! निवडणुकीत गावात तट पडलेले. ज्यांचे निमंत्रण, त्यांच्या मंडपात आम्ही उभे राहिलो. काल्याचे निरूपण केले, श्रीफळ घेतले नि निघालो. वेशीपाशी एका म्हाताऱ्या माळकऱ्याने गाठले. म्हणाला, "महाराज, मना दोन्ही पोरं दोन पंगतमा बठनात. मंग हाऊ काला कसा व्हयना?"

आम्ही निरुत्तर झालो. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालविल्या, तो काला. हे घटकाभर आधी आम्हीच सांगितले होते. शास्त्र ठाऊक होते, धैर्य नव्हते.

तेव्हापासून आमचा नेम आहे. दोन मंडप असतील तेथे आम्ही उभे राहत नाही. दोन्हीकडचे वडीलधारे एका पंगतीला बसणार असतील तर हाक मारा. श्रीफळही नको, आपल्या पायांनी येऊ.

गिरणेवर वरच्या अंगाला धरण झाले, १९६९ साली ते पुरे झाले. पाण्याला बांध घालायला सरकार लागते. मनातल्या पुराला मात्र ज्याचा त्यानेच बांध घालायचा. यंदाच्या सप्ताहात, ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्या शेजारी पान मांडून बसा. मग आपले गाव ग्राम झाले असे म्हणू.

रामकृष्णहरि!