काडी कुणाची?

ऊस कारखान्याला गेला की रानात गुडघाभर पाचट उरतं. तोडकऱ्यांची टोळी हलली की दुसऱ्या दिवशी काडी लावायची, ही आमची रीत. वडील लावायचे, मीही तीस वर्षं लावली. रान मोकळं होतं, खोडव्याला पाणी पाजायला सोपं जातं. एका काडीत एवढं होतंय तर कोण सोडणार?

नातू आठवीत आहे. एका संध्याकाळी धूर बघून म्हणाला, "आबा, पृथ्वी तापतेय ती तुमच्यामुळंच की!" मला राग आला. म्हटलं, "अमेरिकेतला माणूस वर्षाला चौदा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, आपला दोन टन. त्या दोनात मुंबईतले एसीही आले. मी अजून एसटीनं फिरतोय."

बोललो खरा, पण रात्री झोप येईना. बांध आठवला. आजोबांच्या वेळी आमच्या बांधावरनं बैलगाडी जायची. आता सायकल ढकलत न्यावी लागते. दर नांगरटीला दोन्ही बाजूंनी एकेक तास आत सरकलं. विचारा कुणालाही, म्हणेल, मी वीतभरच कोरला, समोरच्यानं हातभर. खोटं कुणीच बोलत नाही. गाडीवाट मात्र गेली.

हवेचं तेच झालंय. जगात कारखाने सुरू व्हायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू 280 भाग होता, आता 420च्या वर गेलाय. त्यात मोठा वाटा कोळसा आणि तेलाचा. खरं सांगायचं तर पाचटाच्या धुरातला कार्बन उसानं त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो. माझी खरी वीत दुसरीकडंच आहे. विहिरीवरच्या मोटारीची वीज बरीचशी चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळूनच होते. आणि युरिया! रानात टाकलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त तापवतो. धूर दिसला म्हणून नातवानं मला पकडलं. युरियाच्या पोत्याला कोण विचारतंय?

2015 साली पॅरिसला सगळे देश बसले आणि ज्यानं त्यानं आपला आकडा आपणच सांगितला. बांधाची मोजणी शेतकऱ्यावरच सोडल्यासारखं. पुढं 2021 साली आपल्या देशानं 2070 सांगितलं, म्हणजे तोवर जेवढं सोडू तेवढं शोषलं जाईल असं करायचं. तेव्हा मी नसेन, नातू साठीला टेकलेला असेल. ज्यानं जास्त कोरलं त्यानं आधी आणि जास्त सोडावं, हे माझं मत अजूनही बदललेलं नाही. पण तो सोडेपर्यंत माझी वीत मी धरून ठेवावी का, याचं उत्तर मला स्वतःला देता येईना.

म्हणून पाचट ठेवायला लागलो. मजुरी वाढली, घरातून बोलणी खाल्ली. गेल्या वर्षी शेजाऱ्यानं त्याचं पाचट पेटवलं आणि वारं फिरलं. माझं सगळं रान धडाधडा गेलं. वडिलांनी लावलेला बांधावरचा आंबा एका अंगानं करपला. शेजारी धावत आला, म्हणाला, "आण्णा, चुकलं." काय बोलणार? तीस वर्षांत माझी आग कितीदा त्याच्या बांधाला लागली असेल, ते मी कधी मोजलं होतं?

यंदा पुन्हा सरीआड पाचट पसरलंय. ते लवकर कुजावं म्हणून वरून टाकायला सांगतात, काय तर युरिया. थोडा टाकला. परवा शेजारी बांधावर उभा राहून बघत होता. "मजूर किती लागले हो?" एवढंच विचारलं त्यानं.