रिकामी पेटी

इराने तेराव्या वाढदिवसाला पिग्मी शॅमेलिऑन मागितला आणि ही बातमी कॉव्हेंट्रीहून साताऱ्याला पोचायला वेळ लागला नाही. आजीचा लगेच व्हिडिओ कॉल आला.

"अगं, सरडा पाळायचा? इथे कुंपणावर फुकट हिंडतात की!"

"आजी, हा वेगळा. मूळचा टांझानियातला. पूर्ण वाढला तरी माझ्या बोटाएवढा. वाळक्या पानासारखा दिसतो."

"मांडीवर येऊन बसतो?"

"नाही."

"हाक मारली की येतो?"

"नाही गं."

"मग पाळायचा कशाला?"

यावर इराला काही सुचेना. बाबांनी मात्र फोन हातात घेऊन बजावलं, "आई, कुंपणावरचा तिथेच राहू दे हं. आपल्याकडचा शॅमेलिऑन पकडून घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे."

"मला कशाला हवाय तो!" म्हणून आजीने फोन ठेवला.

बाबांनी चौकशी केली तेव्हा गावातल्याच एका गृहस्थांचा पत्ता लागला. आर्थर त्यांचं नाव. पोस्टातून निवृत्त झालेले आणि बरीच वर्षं घरी पिग्मी शॅमेलिऑनची पैदास करणारे. बाबांनी किंमत विचारली, तर म्हणाले, "पैशांचं मागाहून बघू. पेटी तयार झाली की मला बोलवा."

इराने जीव ओतून पेटी सजवली. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी 45 सेंटिमीटर असलेली काचेची पेटी. आफ्रिकेतला प्राणी म्हणून वर झगझगीत तापणारा दिवा, तळाला पिवळी वाळू, प्लास्टिकची ताडाची झाडं, रंगीत गोटे आणि निळ्या वाटीत पाणी. काचेवर तिने सोनेरी अक्षरात नावंही लिहिली: मोती आणि माणिक.

आर्थर आले. त्यांनी पेटीकडे पाहिलं, खिशातून तापमापक काढून दिव्याखाली टांगला आणि चहा घ्यायला बसले. कप रिकामा झाल्यावर म्हणाले, "वाच बरं."

"छत्तीस."

"पंचविशीच्या आत हा प्राणी खुशीत असतो. अठ्ठावीसच्या वर बराच वेळ राहिला, तर जिवाशी येतं."

"पण आफ्रिकेत तर ऊन..."

"आफ्रिका म्हणजे नुसतं वाळवंट, असं कोणी सांगितलं तुला?" आर्थर हसले. "मी पाळतो ती दाढीवाली जात. हनुवटीखाली बारीकसा तुरा असतो म्हणून ते नाव. उसांबारा आणि उलुगुरू डोंगरांतली जंगलं हे तिचं माहेर. तिथे वर दाट झाडी आणि खाली ओला पालापाचोळा. सूर्य जमिनीपर्यंत जेमतेम पोचतो. हे प्राणी दिवसभर त्या पाचोळ्यात आणि खुरट्या झुडपांत फिरतात. वाळू त्यांनी जन्मात पाहिलेली नसते."

मग त्यांनी निळी वाटी उचलून बाजूला ठेवली. "साठलेल्या पाण्याला तो पाणीच समजत नाही. पानावरून ओघळणारा थेंब चाटतो. ही वाटी भरलेली असतानाही तो तहानेने मेला असता."

इराचे डोळे भरून आले. आर्थर उठताना एवढंच म्हणाले, "पेटी सुरेख आहे. पण यात राहणार कोण, हे विचारून केलेली नाही. पुन्हा कर. आणि झाली की महिनाभर रिकामी चालव. रोजचे आकडे वहीत लिही. मला ती वही दाखव."

"रिकामी पेटी महिनाभर?"

"झाडांना मूळ धरू दे. तुलाही सवय लागू दे."

दुसऱ्या खेपेला पेटीत शोभेचं काही उरलं नाही. तळाशी पाण्याचा निचरा व्हावा म्हणून भाजक्या मातीच्या हलक्या गोळ्या, त्यावर जाळी आणि जाळीवर दहा सेंटिमीटर खत नसलेली भुसभुशीत माती. मादी अंडी घालायला माती उकरते, म्हणून एवढी जाडी. वर धुऊन वाळवलेली ओकची पानं, शेवाळ, पेन्सिलीपेक्षा बारीक काटक्या, मनीप्लांट आणि नेचा. मातीत स्प्रिंगटेल नावाचे इवलेसे जीव सोडले. ते बुरशी आणि विष्ठा फस्त करतात. तापणारा दिवा गेला आणि मंद अतिनील नळी आली.

इरा सकाळ-संध्याकाळ पाण्याचा बारीक फवारा मारायची. पहिल्या आठवड्यात उत्साहाच्या भरात तिने इतका मारला की काटक्यांवर पांढरी बुरशी आली. आर्थरनी फोनवर सांगितलं, "दमट हवं, दलदल नको. दोन फवाऱ्यांच्या मधे पानं सुकली पाहिजेत आणि हवा खेळली पाहिजे." वहीतले आर्द्रतेचे आकडे हळूहळू साठ ते ऐंशी टक्क्यांच्या मधे स्थिरावले. एके दिवशी तापमान सत्तावीस लिहिलं गेलं. शोध घेतला, तर बाबांनी थंडी वाजते म्हणून घरातलं हीटर वाढवलेलं! त्या दिवसापासून बाबा घरात स्वेटर घालू लागले.

महिन्याने आर्थरनी वही पान उलटून उलटून वाचली आणि तीन पिल्लं दिली. एक नर, दोन माद्या. "एका पेटीत दोन नर कधी ठेवू नकोस, मारामारी होते," म्हणाले. बरोबर ती कुठे जन्मली याचा कागदही दिला. जंगलातून पकडून आणलेले जीव प्रवासात सुकतात, पोटात जंत घेऊन येतात आणि बरेचदा तगत नाहीत. शिवाय हे प्राणी 2016 साली वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस कराराच्या यादीत आले आहेत. तेव्हा घरात जन्मलेलेच घ्यावेत, हा त्यांचा दंडक.

पिल्लं पेटीत गेली आणि पाचोळ्यात दिसेनाशी झाली. दोन दिवसांनी इराच्या मैत्रिणी आल्या. नाकं काचेला लावून त्यांनी कोपरा न् कोपरा शोधला.

"कुठे आहेत?"

"आहेत. नीट बघा."

"रिकामी पेटी पाळलीस की काय?" एकजण म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

इराला ते झोंबलं. तिने झाकण उघडलं, पानं बाजूला सारली आणि एक मादी अलगद तळहातावर घेतली. त्याबरोबर त्या एवढ्याशा देहातून बारीक थरथर उमटू लागली. तळव्याला गुदगुल्या झाल्या. "अय्या, गुरगुरतेय! तिला आवडलीस तू!" मैत्रिणी ओरडल्या. मग ती हातोहाती फिरली.

संध्याकाळी इराने आर्थरना फोन करून आनंदाने हे सांगितलं. ते क्षणभर बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोणी पकडलं की ते असे थरथरतात. शत्रूने दचकून सोडून द्यावं, म्हणून. ती तुला 'सोड मला' म्हणत होती."

पुढचे दोन दिवस त्या मादीने कशाला तोंड लावलं नाही. इरा तिसऱ्या दिवशी शाळेतून आली ती दप्तरासकट पेटीपुढे बसली. कॅल्शियमची पूड लावलेल्या, उडता न येणाऱ्या फळमाश्या तिने आत सोडल्या आणि हात मांडीखाली दाबून ठेवले. बराच वेळ काही हललं नाही. मग एका वाळक्या पानाला डोळा फुटला. तो एकटाच फिरला आणि माशीवर थांबला. दुसरा अजून मागचं बघत होता. मग दोन्ही डोळे एका जागी आले. मादीने वाऱ्यावर पान डुलावं तसं अंग मागेपुढे डुलवत एक पाऊल टाकलं. जीभ केव्हा बाहेर आली ते इराला दिसलंच नाही. माशी तेवढी नाहीशी झाली आणि जबडा हलू लागला.

त्या दिवसापासून इराने पेटी फवारा, खाणं आणि साफसफाई सोडून इतर कशालाही उघडली नाही. मैत्रिणींना ती सांगायची, "बसा शांत. दिसली तर दिसली." ज्या बसल्या, त्यांना दिसली. बाकीच्या पुन्हा आल्या नाहीत, आणि इराने त्यांना बोलावलंही नाही.

रविवारी आजीचा फोन आला. "काय गं, बसला का तुझा सरडा मांडीवर?"

"नाही. बसूही नये, आजी. हातात घेतलं की त्यांना भीती वाटते."

आजी थोडं थांबून म्हणाली, "कळलं हो मला. तू इथे यायचीस तेव्हा आल्याआल्या मी पापे घ्यायची आणि तू रडायचीस. पुढे पुढे मी आधी शिरा करून समोर ठेवायला लागले आणि लांब बसायला लागले. मग यायचीस तुझी तू."

"पण हे कधीच येणार नाहीत."

"न येईनात का. खातात ना पोटभर? झोपतात ना निवांत? मग झालं तर."

तात्पर्य : ज्याला घरी आणायचं, त्याच्या सोयीचं घर आधी करावं, आणि तो घरी आल्यावर आपल्या हौसेचा त्रास त्याला होऊ देऊ नये.